थ्रस्टमास्टर टी.१६०००एम फ्लाइट पॅक: हवाई दलाची तयारी करणाऱ्याने यातलं काय घ्यावं, काय सोडावं

घरच्या संगणकावर विमान उडवायचा सराव करायला मिळणारा हा जॉयस्टिक-पेडलांचा पॅक मागवण्याआधी घरातली शिंप्याची टेप शोधा. भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेत उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ यांच्या दरम्यान असावी लागते. पाय मोजायचे ते पाठ आणि कंबर भिंतीला चिकटवून, गुडघे सरळ ठेवून, भिंतीपासून टाचेपर्यंत. मांडी मोजायची ती गुडघा काटकोनात दुमडून, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत. कंबर भिंतीपासून दोन बोटं जरी पुढे सरकली तरी माप चुकतं, म्हणून तीनदा मोजा. मग नेत्रतज्ज्ञाकडे जा. एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ दिसतं का, चष्म्याचा नंबर आहे का, रंग ओळखण्यात गडबड आहे का, हे अर्ध्या तासात कळतं. कॉकपिटमध्ये न मावणाऱ्या पायांवर जॉयस्टिकचा इलाज नाही, आणि हे वैद्यकीय तपासणीत कळण्यापेक्षा घरच्या भिंतीपाशी कळलेलं बरं.

माप बसत असेल तर पुढे वाचा.

पॅकमध्ये तीन वस्तू येतात: टी.१६०००एम ही स्टिक, टीडब्ल्यूसीएस हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, आणि टीएफआरपी ही पायाची पेडलं. तिन्ही सुट्याही मिळतात, आणि ते महत्त्वाचं आहे. नवशिक्याने स्टिक आणि पेडलं घ्यावीत, थ्रॉटल पहिल्या वर्षी सोडून द्यावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. स्टिक आणि थ्रॉटलची जोडी टेबलावर रुबाबदार दिसते, म्हणून ती आधी येते, आणि पेडलं ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात.

असं का म्हणतो ते निवड चाचणीवरून समजेल. एनडीएतून जा किंवा पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन जा, उड्डाण शाखेसाठी निवड मंडळात सीपीएसएस, म्हणजे संगणकावरची वैमानिक निवड चाचणी, द्यावीच लागते. पूर्वी हिच्या जागी पीएबीटी नावाची चाचणी होती. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी इथल्या हवाई दलाच्या निवड मंडळांत ती होते. ही आयुष्यात एकदाच देता येते. लेखी परीक्षेत नापास झालं तर पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा बसता येतं, सीपीएसएसमध्ये नापास झालं तर उड्डाण शाखेचं दार कायमचं बंद. तिथे दोन गोष्टी तपासतात. डायल बघून विमान कोणत्या स्थितीत आहे ते ओळखता येतं का, आणि हात, पाय, डोळे, कान एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावता येतात का. पडद्यावरची खूण स्टिकने आणि पेडलने जागेवर धरायची, आणि त्याच वेळी दिव्यांना नि आवाजांना उत्तर द्यायचं. म्हणजे पाय हे परीक्षेचंच अंग आहे. स्टिकची मूठ पिळून रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं, चालवायची सवय लागलेला मुलगा तिथे पेडलांवर पाय ठेवून बसतो आणि हाताने स्टिक पिळायला बघतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘खास सीपीएसएससाठी’ म्हणून कुणी काही विकत असेल तर पाकीट बंदच ठेवा. निवड मंडळातलं यंत्र वेगळं, त्याच्या स्टिकचा ताण वेगळा, पडद्यावरची कामं वेगळी. घरी त्या चाचणीची नक्कल करता येत नाही. लक्ष विभागायचा सराव मात्र करता येतो, आणि या पॅकचा खरा उपयोग तेवढाच आहे.

आता स्टिक. तिची जमेची बाजू आत दडलेली आहे. पुढे-मागे आणि डावी-उजवी हालचाल मोजायला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकावर चालणारा सेन्सर आहे. त्यात घासणारा भाग नसतो, त्यामुळे मधली जागा वर्षानुवर्षं सरकत नाही. दोन्ही दिशांना प्रत्येकी १६,३८४ पायऱ्या मोजल्या जातात. स्वस्तातल्या साध्या जॉयस्टिकमध्ये या जागी पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा घासत फिरणारा भाग. तो झिजला की विमान आपोआप एका बाजूला कलायला लागतं, आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय.

पण या स्टिकमध्येही सगळं चुंबकावर चालत नाही. मूठ पिळण्याचा अक्ष आणि तळाशी असलेली थ्रॉटलची पट्टी या दोन्हीत पोटेन्शिओमीटरच आहेत. सगळ्यात आधी थकते ती पिळायची मूठ. लक्षण ठरलेलं: हात न लावता रडर थरथरतो, नाक बारीक बारीक डावं-उजवं होतं. पेडलं घेतली असतील तर हा प्रश्नच उरत नाही. मुठीला फिरणं बंद करणारा लॉक आहे, तो पहिल्या दिवशीच लावा आणि सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये त्या अक्षाची नेमणूकही काढून टाका. नुसता लॉक पुरत नाही. दोन उपकरणं एकाच रडरला जोडलेली राहिली तर ती एकमेकांशी भांडतात.

ही स्टिक डावखुऱ्यांसाठी बदलता येते, मुठीचे तीन भाग काढून दुसऱ्या बाजूचे बसवायचे. जाहिरातीत हा मोठा गुण म्हणून सांगतात. हवाई दलाच्या उमेदवारासाठी तो सापळा आहे. दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पहिल्या टप्प्याचं शिक्षण ज्या पिलाटस पीसी-७ मार्क २ वर होतं, त्याची स्टिक दोन गुडघ्यांच्या मध्ये असते आणि थ्रॉटल डाव्या हाताला. पुढे बीदरला हॉक या प्रशिक्षणाच्या जेट विमानावर गेलात तरी तीच मांडणी. म्हणून डावखुऱ्यानेही स्टिक उजव्या हातातच धरायची. पहिला पंधरवडा हात जड वाटेल, तो वाटू द्या.

बसण्याची मांडणी बहुतेक जण चुकवतात. टेबलावर ठेवलेली स्टिक कोपराच्या वर येते, मग मनगट वाकतं, खांदा उचलला जातो आणि वीस मिनिटांत मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीला बारीक हालचाल जमत नाही, ती धक्के देते. स्टिक मांडीच्या उंचीवर हवी. दोन पायांच्या मध्ये लाकडी पाट किंवा बुटकं स्टूल ठेवून त्यावर तिचा तळ पक्का बसवा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मांडीवर टेकवा. अंगठा आणि दोन बोटं एवढ्यानेच धरा. खुर्ची चाकांची नको. पेडल दाबलं की ती मागे पळते आणि पाय लांबवत लांबवत आपण निम्मे आडवे होतो. घरातली प्लास्टिकची चार पायांची खुर्ची सगळ्यात उत्तम. गुळगुळीत फरशीवर पेडलंही पुढे सरकतात. खाली रबरी पायपुसणं टाका, तरी सरकलीच तर पेडलांचा तळ आणि खुर्चीचे पुढचे पाय सुतळीने बांधून टाका. हसू येईल, पण याहून चांगला उपाय नाही.

पेडलांबद्दल तक्रार आहे, आणि ती खरी आहे. टीएफआरपीची दोन्ही पावलं फार जवळजवळ आहेत. उंच मुलाचे गुडघे एकमेकांना घासतात, पाय अवघडतात. रुळांवर पेडल सरकायला सुरुवातीला अडतं आणि मग एकदम निसटतं. बारीक दाब द्यायला गेलं की गरजेपेक्षा जास्त रडर लागतो. आठवड्याभराच्या वापराने ते थोडं मोकळं होतं. नाही झालं तर रुळांवरचं जुनं चिकट ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं सिलिकॉनचं वंगण अगदी थोडं लावायचं. शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून आठ दिवसांत परत तेच. जागा आणि बजेट असेल तर लॉजिटेकची रडर पेडलं अधिक रुंद आहेत आणि त्यांचा ताण कमी-जास्त करायला चक्री आहे. तरीही अरुंद पेडलं ही पेडलं नसण्यापेक्षा कितीतरी बरी. टाचा जमिनीकडे टेकलेल्या, रडर पावलाच्या मधल्या भागाने, ब्रेक चवड्याने, एवढं पायात बसलं की काम झालं.

पायाचं एक जुनं वळण मोडावं लागतं. सायकलच्या हँडलची उजवी बाजू पुढे ढकलली की चाक डावीकडे वळतं. विमानात उजवं पेडल पुढे दाबलं की नाक उजवीकडे जातं. सायकलवर वाढलेल्या डोक्याला हे उलटं वाटतं आणि धावपट्टीवर वेग घेताना घाईत चुकीचा पाय पडतो. म्हणून पहिले दोन दिवस विमान जमिनीवरच चालवा. सेसना १७२ हे शिकाऊंचं छोटं विमान जमिनीवर पेडलांनीच वळतं, तिथे स्टिक कितीही फिरवली तरी दिशा बदलत नाही. टॅक्सीमार्गाची पिवळी रेघ चाकाखाली धरून पाच-सहा फेऱ्या मारल्या की पाय समजूतदार होतात.

थ्रॉटल वाईट नाही. ८० मिलिमीटरचा सरळ पुढे-मागे सरकणारा दांडा आहे, तळाशी घट्टपणा बदलायचा स्क्रू आहे, पेडलांची तार थेट त्यातच खोचता येते. पण पहिल्या वर्षाच्या व्यायामांत इंजिनाची शक्ती दर मिनिटाला बदलत नाही. स्टिकच्या तळावरची पट्टी तेवढ्याला पुरते. वाचलेल्या पैशांत एनडीएच्या गणिताच्या ३०० गुणांची सोय जास्त चांगली होते.

जोडणी करताना स्टिकला हात न लावता यूएसबी खोचा, कारण चालू होताना ती मधली जागा धरते. स्टिक आणि पेडलं वेगवेगळ्या पोर्टमध्ये लावा. स्वतःची वेगळी वीज न घेणाऱ्या स्वस्त हबवर दोन्ही लावली की मध्येच एखादं गायब होतं. लॅपटॉपवर तेच होत असेल तर विंडोजच्या वीज बचतीतून यूएसबी झोपवण्याची सोय बंद करा. सिम्युलेटरमध्ये स्टिकच्या मधला निष्क्रिय पट्टा (डेड झोन) शून्य ते २ टक्के, पेडलांचा ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. प्रतिसादाची रेषा सरळच राहू द्या. वाकडी रेषा मधे मऊ वाटते, पण टोकाला विमान अचानक उसळतं आणि हाताला अंदाज येत नाही. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर असेल तर मदतीच्या यादीतला ऑटो-रडर बंद केला का ते दोनदा बघा. तो चालू असेल तर पेडलांवर खर्च केलेला पैसा फुकट. एक्स-प्लेन १२ मध्ये गोल डायलचं सेसना १७२ मिळतं, शिकायला तेच घ्या. पैसे नसतील तर फ्लाइटगिअर मोफत आहे आणि त्यातही सेसना १७२ आहे.

लढाऊ विमानाचं सिम्युलेटर लगेच उघडू नका. क्षेपणास्त्रं, बाहेरून दिसणारा कॅमेरा, चुकलं की पुन्हा सुरू, हे सगळं मजेचं आहे, पण त्यात डोळे डायलवर फिरायला शिकत नाहीत. डोळ्यांची ती फिरकीच इथून न्यायची आहे.

पहिला व्यायाम: ३,००० फूट, इंजिनाचे मिनिटाला साधारण २,२०० फेरे (आरपीएम), दिशा ठरलेली, सरळ दहा मिनिटं. उंची १०० फुटांपेक्षा, वेग ५ नॉटपेक्षा आणि दिशा ५ अंशांपेक्षा इकडेतिकडे जाऊ द्यायची नाही. कंटाळवाणा वाटतो, आणि पहिल्या प्रयत्नात जवळजवळ कुणालाच जमत नाही. चूक एकच असते: उंचीचा काटा हलला की त्याच्या मागे धावायचं. काटा उशिरा बोलतो. आधी नाक क्षितिजाच्या तुलनेत कुठे आहे ते धरा, मग काट्याला विचारा. नजर दर वेळी कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या डायलवर, परत आली पाहिजे. क्षितिज, उंची, क्षितिज, दिशा, क्षितिज, वेग.

ट्रिमच्या, म्हणजे स्टिकवरचा भार हलका करणाऱ्या चक्रीच्या, बाबतीत ही स्टिक खऱ्या विमानापेक्षा वेगळी वागते आणि ते कुणी सांगत नाही. खऱ्या विमानात स्टिक हवी तिथे धरून ट्रिम फिरवला की हातावरचा भार नाहीसा होतो आणि स्टिक तिथेच राहते. इथे स्प्रिंग स्टिकला कायम मधे ओढते. त्यामुळे ट्रिम फिरवत असतानाच हात हळूहळू मधे सोडत न्यावा लागतो. हे माहीत नसलं की मुलं ट्रिम सोडून देतात आणि सतत स्टिक ओढून धरतात. तासाभराने मनगट दुखतं आणि विमान वर-खाली होतच राहतं.

नंतर वळणं. ९० नॉटला मिनिटाला १८० अंश फिरायचं तर कल किती लागेल? वेगाचा दहावा भाग अधिक ७, म्हणजे १६ अंश. पूर्ण फेरी बरोबर दोन मिनिटांत झाली पाहिजे, घड्याळ लावा. वळणाची सुरुवात करताना नाक क्षणभर उलट दिशेला जातं, तिथेच पेडल लागतं. वळण दाखवणाऱ्या डायलमधली गोळी ज्या बाजूला घसरेल त्या बाजूचा पाय दाबायचा. शक्ती वाढवताना सेसनाचं नाक डावीकडे ओढलं जातं, उजवा पाय तयार ठेवा. हे पायाला कळलं की पुढे ७०० अश्वशक्तीच्या पिलाटसवर ते नवं वाटणार नाही, फक्त जोर जास्त लागेल.

हे जमायला लागलं की खरा सराव सुरू करा. वळण चालू असताना घरातल्या कुणालातरी शेजारी बसवा आणि चार आकडे म्हणायला सांगा, ते उलट क्रमाने परत म्हणायचे. किंवा पाढे विचारायला सांगा, १७ चोक किती, १३ नव्वे किती. त्यातच मोबाइलवर एक शिटी वाजली की स्टिकवरचं ठरावीक बटण दाबायचं. पहिल्या आठवड्यात उंची ४०० फुटांनी घसरेल. बहीण हसेल. तिसऱ्या आठवड्यात घसरण निम्म्यावर येते. हा सराव दिवसाला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठकींत, आठवड्यातून पाच दिवस. त्याहून जास्त वेळ बसलात तर थकलेला मेंदू चुकाच पक्क्या करतो.

डायल वाचायचा सराव तर पॉज बटणावरही होतो. कुणीतरी विमान वेडंवाकडं करून थांबवायचं, तुम्ही पाच सेकंद बघून तोंडी सांगायचं: डावीकडे २० अंश कल, नाक खाली, उंची ४,६०० आणि घटतेय, दिशा २४०. दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. कृत्रिम क्षितिजात हलते ती क्षितिजाची रेघ, विमानाची खूण जागेवरच असते, म्हणून कल उलटा सांगितला जातो. आणि उंचीमापकात लांब काटा शेकड्यांचा, आखूड काटा हजारांचा. घाईत १,००० फुटांची चूक होते.

लँडिंगवर मात्र या पॅकने तास घालवू नका, हे मत ठाम आहे. एकाच पडद्यावर बाजूची धावपट्टी दिसत नाही, जमीन किती जवळ आली ते डोळ्याच्या कडेने कळत नाही, सीटखाली काहीच जाणवत नाही. तिथे जे शिकाल ते अकादमीतल्या प्रशिक्षकाला आधी पुसावं लागेल. वळताना शरीरावर येणारा जीचा, म्हणजे वजनाच्या कितीतरी पट वाटणारा, भार, पोटातली ढवळाढवळ, हेल्मेटच्या आतला घाम, हे कशानेच घरी आणता येत नाही. जमिनीवरून खरोखर उठल्याचा अनुभव हवा असेल तर महाविद्यालयात एनसीसीचा हवाई विभाग गाठा. तिथल्या छात्रांना मायक्रोलाइटमध्ये बसायला मिळतं आणि ‘सी’ प्रमाणपत्रावर हवाई दलात वेगळा प्रवेशमार्ग आहे. दहावीतल्या मुलाने तर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणाऱ्या संस्थेची, प्रवेश परीक्षा आधी बघावी, जॉयस्टिक दोन वर्षांनी घेतली तरी चालते.

शेवटी जुनं घेणाऱ्यांसाठी, कारण लेखी निकाल लागल्यावर अशा स्टिका बऱ्याच विकायला निघतात. विंडोजमध्ये जॉय.सीपीएल चालवा. स्टिक सोडल्यावर अधिकची खूण चौकोनाच्या मधोमध थांबते का बघा. चारही कोपऱ्यांत नेऊन ती कडेपर्यंत पोचते का बघा. मग मूठ सावकाश पिळा, पडद्यावरची पट्टी उडत उडत सरकली तर तो पोटेन्शिओमीटर गेलेला आहे. पेडलं वापरणार असाल तर त्याची चिंता नको, पण किंमत पाडून घ्यायला ते कारण चांगलं आहे. पेडलांची मात्र दोन्ही बाजूंची पूर्ण हालचाल सावकाश तपासा. तिथे पट्टी उडत असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.